आधी परतीची गाडी : नोकरी सांभाळून डोंगरात शिरणाऱ्या मुंबईकरासाठी

मुंबईकराला धाडस शिकवायची गरज नसते. संध्याकाळी सहाला दादरला विरार फास्टमध्ये चढणाऱ्या माणसाच्या अंगात ते मुरलेलं असतं. त्याला कमी पडते ती वेळ. सहा दिवस नोकरी, रोजचे दोन-अडीच तास प्रवासात, रविवार घरचा आणि नात्यागोत्याचा. यातून डोंगरासाठी जागा काढायची तर विचार शेवटाकडून सुरू करावा लागतो. परतीची सोयीची गाडी कोणती, त्यासाठी पायथ्याचं गाव कधी सोडायचं, त्यासाठी माथ्यावरून कधी वळायचं. निघायची वेळ सगळ्यात शेवटी ठरते. रविवारच्या किल्ल्याला हे गणित लागतं आणि हिमालयातल्या खिंडीलाही.

पुढचा आराखडा कधीच पाठीवर सॅक न घेतलेल्या, संसार आणि नोकरी असलेल्या माणसासाठी आहे. ऑक्टोबरात सुरुवात केली तर पुढच्या सप्टेंबरात चार हजार मीटरवरची खिंड ओलांडता येते. मधल्या पायऱ्या मात्र गाळायच्या नाहीत.

घराजवळ अंदाज घ्या

पहिले तीन आठवडे मुंबईबाहेर जाऊच नका. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या मुख्य दारापासून कान्हेरी लेण्यांपर्यंत पाच-सहा किलोमीटरचा रस्ता आहे. पाठीवर चार-पाच किलो घेऊन तो जाऊन-येऊन चाला. उद्यान सोमवारी बंद असतं, एवढं लक्षात ठेवा. दुसऱ्या दिवशी काय दुखतं ते बघा. पोटऱ्या आणि मांड्या दुखल्या तर उत्तम, पंधरा दिवसांत सरावतील. गुडघा आतून ठणकला तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. चाळिशी ओलांडलेल्यांनी आणि रक्तदाब, मधुमेह असलेल्यांनी हृदयाची तपासणी आधीच करून घ्यावी. डोंगरात छातीत कळ आली तर जवळचं रुग्णालय तीन-चार तासांवर असतं.

आठवड्यातल्या दिवसांसाठी मुंबईने फुकट दिलेलं साधन म्हणजे जिना. एक मजला साधारण तीन मीटर धरा. वीस मजली इमारत म्हणजे साठ मीटर. कळसूबाईची चढाई बारी गावापासून सुमारे आठशे मीटर आहे, म्हणजे त्या इमारतीचे तेरा-चौदा फेरे. पहिल्या आठवड्यात तीन फेरे झाले तरी पुरे. खाली मात्र लिफ्टने येऊ नका. सह्याद्रीत गुडघे बोलायला लागतात ते उतरताना, आणि उतरायचा सराव कोणीच करत नाही. वॉचमनला आधी सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या फेरीला तो तुमच्या मागे येईल.

उलटं गणित, माहुलीच्या निमित्ताने

डिसेंबरातला रविवार धरू. आसनगावजवळचा माहुली. मुंबईत या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. जंगलात त्याच्या अर्धा तास आधीच अंधारून येतं. म्हणून चारला पायथ्याच्या माहुली गावात परत यायचं ठरवा. उतरायला अडीच तास, म्हणजे दीडला माथा सोडायचा. वर पाऊण तास जेवण आणि भटकंती. नवख्या माणसाने चढाईचा वेग ताशी अडीचशे ते तीनशे मीटर धरावा, त्यामुळे चढायला तीन तास. याचा अर्थ पावणेदहाला चढायला सुरुवात केली तरी गणित जेमतेम बसतं, आणि जेमतेम बसणारं गणित डोंगरात बसत नाही. दोन तास हाताशी ठेवा आणि पावणेआठला गावातून निघा. म्हणजे पहाटेची कसारा किंवा आसनगाव लोकल, आसनगावला चहा, रिक्षाने गाव. गजर किती वाजताचा लावायचा ते आता तुम्हालाच कळलं असेल.

या गणितातला दीड वाजताचा आकडा कागदावर लिहून सगळ्यांना दाखवा. दीडला जिथे असाल तिथून वळायचं. माथा दहा मिनिटांवर दिसत असला तरी. घरी बसून घेतलेला निर्णय थंड डोक्याचा असतो, वर घेतलेला तसा नसतो.

परतीच्या गाडीबद्दल दोन गोष्टी. कसारा आणि कर्जतच्या पट्ट्यात लोकल ठाण्यासारख्या मिनिटामिनिटाला सुटत नाहीत, एक चुकली की बराच वेळ फलाटावर काढावा लागतो. आणि रविवार हा मेगाब्लॉकचा वार. शनिवारी रात्री झोपण्याआधी ब्लॉकची वेळ बघा. घरी एका माणसाकडे चिठ्ठी ठेवा: कोणता किल्ला, कोणतं गाव, कोण सोबत, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. आई ‘पोचलास का’ म्हणून दर तासाला फोन करते तेही या चिठ्ठीने कमी होतं, कारण वर रेंज नसणार हे तिला आधीच ठाऊक असतं.

किल्ल्यांची चढती भाजणी

इथे लोक घाई करतात. समाजमाध्यमावर कलावंतीणचा सुळका दिसतो आणि पहिलाच ट्रेक तिथला ठरतो. पनवेलजवळच्या ठाकूरवाडीतून प्रबळमाची आणि तिथून कातळात कोरलेल्या त्या उघड्या पायऱ्या. जागा अप्रतिम आहे, पण हिवाळ्यातल्या रविवारी त्या अरुंद पायऱ्यांवर चढणाऱ्यांची आणि उतरणाऱ्यांची एकच गर्दी होते. नवख्याने ती पहिली तर करूच नये, आणि करायचीच तर आठवड्याच्या मधल्या वारी करावी.

माझा क्रम वेगळा आहे. प्रत्येक पायरीने एकच नवी गोष्ट शिकवली पाहिजे.

पहिली, लोहगड. मळवली स्टेशनवर उतरून भाजे लेण्यांवरून चालत जा. शेवटपर्यंत नीट पायऱ्या आहेत, वाट चुकायची भीती नाही. इथे शिकायचं ते फक्त आपला दम आणि आपले बूट.

दुसरी, राजमाची, पण लोणावळ्याकडच्या लांब सपाट रस्त्याने नाही. कर्जतहून रिक्षाने कोंदिवडे, तिथून कोंढाणे लेण्यांवरून चढ. किल्ल्याखालच्या उधेवाडीत रात्रीचा मुक्काम करा, घरगुती जेवण मिळतं. सकाळी श्रीवर्धन आणि मनरंजन दोन्ही बालेकिल्ले बघून उतरा. मुक्कामाचा ट्रेक म्हणजे काय, रात्री किती थंडी वाजते, सॅकमधलं निम्मं सामान कसं उगाच आणलं होतं, हे सगळं एका रात्रीत समजतं.

तिसरी, माहुली. वरच्या गणितासह. इथे घसारा भेटतो, म्हणजे सुटी माती आणि दगडगोटे असलेला उतार. घसाऱ्यावर पाय घट्ट रोवायला गेलं की घसरतं. पावलं छोटी टाका, गुडघे किंचित वाकवा, वजन पुढे ठेवा. भीतीने मागे रेललेला माणूस हमखास बसकण मारतो.

चौथी, कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्राचा माथा. कसाऱ्याहून जीपने किंवा घोटीमार्गे एसटीने बारी गाव. अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत, त्यामुळे तंत्र फारसं लागत नाही, लागतो तो तग. सूर्योदयासाठी रात्रीत चढायची पद्धत पडली आहे. हेडटॉर्चच्या उजेडात चालायचा सराव म्हणून एकदा करायला हरकत नाही, मात्र आदल्या दिवशी दुपारी झोप काढलेली हवी.

पाचवी, गोरखगड. कल्याणहून एसटीने मुरबाड, पुढे म्हसामार्गे देहरी. उंची बेताची, पण वरच्या टप्प्यात कातळात खोदलेल्या पायऱ्या आणि बाजूला सरळ दरी. दृष्टिभय म्हणजे काय ते इथे कळतं. पाय लटपटले तर लाज वाटून घेऊ नका, थांबा, कातळाकडे तोंड करा, एका वेळी एकच हात किंवा एकच पाय हलवा. उतरतानाही तोंड कातळाकडेच. आणि चढण्याआधी स्वतःला विचारा, ‘हे मला उतरता येईल का?’ उत्तरात जराही चाचरलात तर तिथूनच दृश्य बघा. तेही सुंदर आहे.

सहावी पायरी ही खरी परीक्षा: रतनगड ते हरिश्चंद्रगड, सलग. रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरापासून रतनगड, मग कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई आणि तिथून हरिश्चंद्रगड. हिमालयात जायच्या आधी हा ट्रेक ज्याला जमला त्याची तयारी झाली असं मी मानतो, कारण इथे पाठीवर ओझं घेऊन दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी उठून चालावं लागतं. पहिल्या दिवशी सगळेच चालतात. वाट जंगलातून जाते, ढोरवाटा फसवतात, म्हणून कुमशेत किंवा रतनवाडीतला वाटाड्या घ्या आणि त्याचे पैसे घासाघीस न करता द्या. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तंबू आणि शेकोटीबद्दल वनखात्याचे नियम असतात, ते गावातच विचारून घ्यावेत. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर काठाशी उभं राहून फोटो काढायचा मोह होईल. पालथं झोपून डोकावा. कड्याचा खरा अंदाज तसाच येतो.

गावकऱ्यांशी बोलताना एक धडा: ‘मामा, अजून किती?’ या प्रश्नाला ‘हे काय, जवळच’ हेच उत्तर मिळतं. त्याऐवजी ‘तुम्हाला किती वेळ लागतो?’ असं विचारा आणि मिळालेल्या उत्तराची दुप्पट करा.

सॅक

खरेदी सगळ्यात शेवटी. ॲक्शनच्या ट्रेकिंग शूजवर सह्याद्री फिरणाऱ्यांच्या पिढ्या गेल्या, कारण त्यांचा तळ कातळ धरतो आणि ते खिशाला झेपतात. महागडे बूट हिमालयाच्या वेळी बघू. एका दिवसासाठी पंचवीस-तीस लिटरची सॅक, हेडटॉर्च आणि तिचे जादा सेल, शिट्टी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी. जीन्स नको, भिजली की जड होते आणि सुकत नाही. पाणी हिवाळ्यात तीन लिटर, मार्चनंतर चार ते पाच. गडावरच्या टाक्यांवर विसंबून राहू नका. फेब्रुवारीनंतर बरीच टाकी आटतात आणि उरलेलं पाणी गाळून-शुद्ध करूनच प्यावं लागतं. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलं की घरचं जलसंजीवनी तयार, चमचा चहाचा. खायला ठेपले, दशम्या, शेंगदाणे-गूळ, खजूर, चिक्की. ठेचा न्यावा, पण आदल्या रात्री जास्त खाऊ नये, कारण सांगायला नको.

त्या ओघात, ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते. शौचाला पाण्यापासून, टाक्यांपासून आणि वाटेपासून दूर जा, खड्डा करा, बुजवा. पाळीच्या दिवसांत ट्रेक करायला काहीच हरकत नाही. जुने वर्तमानपत्र आणि घट्ट बंद होणारी पिशवी सोबत ठेवा आणि वापरलेलं सगळं मुंबईला परत आणा.

दोन धोके मुंबईकराला माहीत नसतात. कड्याकपारीत आग्या मोहोळ असतं. अत्तर, धूर, आरडाओरडा आणि सिगारेट याने माश्या उठतात. उठल्या तर हातवारे न करता डोकं-चेहरा झाकून लांब जा. आणि साप. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार विषारी. फुरसं दगडाखाली असतं, म्हणून न बघता दगडाच्या बेचक्यात हात घालू नये. चावलाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काही करू नका. तो अवयव हलणार नाही असा आधार द्या, माणसाला चालू न देता उचलून खाली आणा आणि १०८ला फोन करा. वैदूकडे घालवलेला तास परत मिळत नाही.

कोणाबरोबर जायचं

एकट्याने नाही, निदान पहिलं वर्ष. मुंबईत जुने क्लब आहेत. गिरिविहार १९५४पासून, मुलुंडचे चक्रम हायकर्स, आणि १९२८ साली स्थापन झालेला हिमालयन क्लब. यांच्या कार्यक्रमांत शिस्त असते आणि तुमच्याकडून काम करून घेतलं जातं. भांडी घासायची वेळ आली तर समजा योग्य जागी आलात.

पैसे घेऊन नेणाऱ्या आयोजकाबरोबर जायचं असेल तर चार प्रश्न विचारा. किती माणसांमागे एक लीडर? सगळ्यात मागे कोण चालणार? प्रथमोपचार शिकलेला कोण आहे? रेड अलर्ट आला तर पैसे परत देणार की ट्रेक काढणार? शेवटच्या प्रश्नाला उत्तर द्यायला वेळ लागला तर दुसरा आयोजक बघा. राज्य सरकारने २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्याप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का हेही विचारायला संकोच नको. नाश्ता-जेवण-प्रवासासह कमालीच्या स्वस्त जाहिरातीत कुठेतरी काटछाट झालेली असते, आणि ती बहुधा लीडरच्या संख्येत असते.

काही अघटित घडलंच तर ११२, पायथ्याचं गाव आणि महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र यांच्यासारख्या स्वयंसेवी चमू आपली कामं टाकून मध्यरात्री दरीत उतरतात. त्यांचे नंबर निघण्याआधी फोनमध्ये असू द्या.

पावसाळा

मुंबईकराला डोंगर आठवतो तो जूनमध्ये, आणि माझ्या मते नवख्याने नेमका तेव्हाच थांबावं. हिरवळ खरी, पण कातळावर शेवाळ, वाटा धुक्यात गडप आणि ओढे बेभरवशाचे. तुमच्यावर पाऊस नसतो, वर घाटमाथ्यावर कोसळत असतो आणि पाणी अचानक चढतं. लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागे ३० जून २०२४ला एक कुटुंब असंच वाहून गेलं. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. तिथे तर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसं होती, त्यांनाही डोंगराने सावध केलं नाही. त्यामुळे जून ते ऑगस्ट उताराखालच्या वस्तीत किंवा ओढ्याच्या काठी मुक्काम नको. हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट आला की घरी, रेड आला की वादच नाही. धबधब्यांवर जिल्हाधिकारी बंदी घालतात, ती मोडून काढलेल्या रीलला काडीची किंमत नाही. सांदण दरी तर पावसात वाटच नसते, पाण्याची नाळ असते.

हे तीन महिने जिने चढा, आणि क्लबच्या लोकांबरोबर गाठी शिका. पाऊस सरल्यावर मुंब्र्याच्या किंवा बेलापूरच्या कातळावर ते सराव घेतात. अलंग-मदन-कुलंगसारखं, दोराशिवाय करूच नये असं दुर्गत्रिकूट मनात असेल तर दोर, हार्नेस आणि हेल्मेट आधी खालच्या कातळावर अंगवळणी पडले पाहिजेत.

नऊ दिवसांत हिमालय

इथे पुन्हा उलटं गणित. दोन शनिवार-रविवार आणि मधले पाच दिवस मिळून नऊ होतात. शनिवारी सुट्टी असेल तर रजा फक्त पाचच लागते, नसेल तर सात. या नऊ दिवसांत नीट बसणारी खिंड म्हणजे मनालीजवळची हामटा, सुमारे ४२७० मीटर. कुलूच्या हिरव्या बाजूने चढायचं आणि लाहौलच्या कोरड्या बाजूला उतरायचं. एका दिवसात प्रदेश बदलतो.

शेवटून मोजू. दुसऱ्या रविवारी रात्री घरी. त्याआधी शनिवारी मनालीहून खाली. सोमवार ते शुक्रवार ट्रेक: जोब्रा, चिका, बालू का घेरा, खिंड ओलांडून शिया गोरू, मग छतरू. पहिला रविवार पूर्ण मनालीत, नुसता बसून. पहिल्या शनिवारी विमानाने चंदिगढ आणि पुढे मनाली. रेल्वेने जायचं तर आणखी दोन-तीन दिवस धरा, आणि आरक्षण साठ दिवस आधी उघडतं हे कॅलेंडरवर लिहून ठेवा. मोसम जूनच्या उत्तरार्धापासून, पण जुलै-ऑगस्ट टाळा. जुलै २०२३मध्ये बियासच्या पुराने मनालीचा रस्ताच वाहून नेला होता. सप्टेंबरचा मध्य मला सगळ्यात आवडतो.

मनालीतला तो मोकळा रविवार कापून एक दिवस वाचवावा असं प्रत्येक गटात कोणीतरी सुचवतं. कापू नका. तीन हजार मीटरच्या वर रात्रीच्या मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरहून जास्त वाढू नये हा सर्वसाधारण नियम आहे, आणि हामटावर तो ताणला जातो. विरळ हवेचा त्रास तब्येतीवर ठरत नाही. रोज दहा किलोमीटर धावणाऱ्याला होतो, त्याच्या मागून येणाऱ्या मावशींना होत नाही. डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं ही सुरुवात. अशा वेळी आणखी वर जायचं नाही. नुसतं बसलेलं असताना धाप लागली, किंवा सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालता आलं नाही, तर त्याच क्षणी खाली, रात्र असली तरी. ॲसिटाझोलामाइडची गोळी घ्यायची का हे मुंबईतच डॉक्टरांना विचारा. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर तेही सांगा. आणि त्रास होत असेल तर लपवू नका. आपल्यामुळे सगळ्यांना वळावं लागेल या भिडेपायी लोक गप्प बसतात.

कमी खर्चात जायचं असेल तर यूथ हॉस्टेल्स असोसिएशनचे ट्रेक बघा. कसोलहून सुरू होणारा त्यांचा सार पास उन्हाळी सुट्टीत असतो. गट मोठा, सोयी साध्या, टप्पे सावकाश.

त्यापुढे

खिंड ओलांडून आलेल्या काहींना शिखर खुणावतं. त्यासाठी बेसिक माउंटेनिअरिंग कोर्स करावा. दार्जिलिंगची संस्था १९५४पासून, उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५पासून, शिवाय मनाली आणि पहलगाम. कोर्स साधारण २८ दिवसांचा. बर्फातला वावर, दोर, हिमकुऱ्हाड सगळं शिकवतात आणि ॲडव्हान्स कोर्सला जायचं तर ‘ए’ श्रेणी मिळवावी लागते. जागा लवकर भरतात, वर्षभर आधी अर्ज करा आणि वयोमर्यादा तपासा.

महिन्याची रजा कोण देणार, हा प्रश्न रास्त आहे. हरीश कापडिया मुंबईत कापडाचा व्यापार सांभाळत आयुष्यभर हिमालयात जात राहिले आणि २००३ साली रॉयल जिओग्राफिकल सोसायटीचं पेट्रन्स मेडल त्यांना मिळालं. पण त्यांचा धंदा स्वतःचा होता, तुमच्यावर साहेब आहे. म्हणून अर्जित रजा दोन वर्षं साठवा, कोर्सच्या तारखा जाहीर झाल्या की त्याच आठवड्यात साहेबांना सांगा, आणि तुमचं काम त्या महिन्यात कोण बघणार त्याचं नाव अर्जातच लिहा. आजारी आजोबांचं कारण सांगू नका. महिनाभर बर्फात राहून तोंड भाजलेला माणूस ऑफिसात लपत नाही.